कानामागची टिकली

हेमांगी इंगवलेला राग आला की लोक तिच्या तोंडाकडे बघायच्या आधी तिच्या कानामागे बघत.

कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तपासणी विभाग तिच्याकडे होता. पंपांची कास्टिंगं, म्हणजे लोखंडाचे ओतीव भाग, घासून तिच्या टेबलावर यायची आणि त्यातली खराब ती बाजूला काढायची. एखाद्या लॉटमधली जरा जास्त नाकारली, आवाज जरा चढला, की शिफ्टचा सुपरवायझर मान तिरकी करून तिच्या उजव्या कानामागे नजर टाकायचा आणि पोरांना सांगायचा, "मॅडमचा दिवा पिवळा हाय. लॉट उद्या दावूया." दुसऱ्या दिवशी दिवा हिरवा असायचा. हेमांगी तीच कास्टिंगं पुन्हा बाजूला काढायची आणि आता मात्र ती मुकाट्यानं भट्टीकडे परत जायची. कास्टिंगं तीच, त्यातली भोकं तीच, नाकारणारी बाईही तीच. फरक फक्त दिव्याचा.

हा दिवा म्हणजे मसुराच्या डाळीएवढी एक चकती, कानामागच्या कातडीला चिकटवलेली. बनवणाऱ्या कंपनीनं तिला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. बायका तिला टिकली म्हणायला लागल्या आणि तेच रूढ झालं. कातडीखालच्या पाण्यातली काही रसायनं ही टिकली दिवसभर तपासत असायची, आणि मायग्रेनचा झटका येऊ घातला की प्रत्यक्ष दुखायला लागायच्या कितीतरी आधी हिरव्याची पिवळी व्हायची. त्याच वेळी घरच्यांच्या फोनवर निरोप जायचा. दिवा सगळ्या जगाला दिसायचा, जिच्या कानामागे तो आहे तिला तेवढा दिसायचा नाही.

टिकलीला नावं ठेवायला हेमांगीला तोंड नव्हतं, कारण टिकलीनं आणि तिच्याबरोबरच्या गोळीनं तिचं आयुष्य तिला परत दिलं होतं. वयात आल्यापासून तिचं अर्धं डोकं ठणकायचं. उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास आला तरी उलटी. अंधार करून पडून राहायचं आणि दुखणं संपायची वाट बघायची. झटका ओसरला की घरात पंचनामा सुरू व्हायचा. उपाशी राहिलीस का, उन्हात गेलीस का, जागरण केलंस का, आणि मग ठरलेला शेवटचा प्रश्न, चिडली होतीस का. चिडलेली असायचीच. डोक्यात राख घालून घेतल्यावर डोकं दुखणारच, असं आधी तिची आई म्हणायची, लग्नानंतर सासूबाई म्हणायला लागल्या आणि पुढे नवराही.

यातलं काहीच खरं नव्हतं, हे तिला सांगितलं डॉ. झरीन बागवान यांनी. मेंदूच्या विकारांच्या या डॉक्टरीण बाई बोलायला फटकळ होत्या, पण समजावून सांगायचा त्यांना कंटाळा नव्हता. त्या म्हणाल्या, "जुन्या डॉक्टरांना वाटायचं, डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात म्हणून ठणकतं. त्यांनी वाहिन्या आवळणारी औषधं दिली. गुण आला. गुण आला म्हणून कल्पनाही बरोबर ठरली. पुढे कळलं की वाहिन्या आवळल्या जात होत्या हे खरं, पण गुण मुख्यतः दुसऱ्याच कारणानं येत होता."

ते दुसरं कारण म्हणजे चेहरा आणि मेंदूचं आवरण यांच्याकडून वेदना आणणारी एक जाडजूड नस. तिच्या टोकांतून एक चिमुकलं प्रथिन सुटतं, त्याला सीजीआरपी म्हणतात. मायग्रेन नसलेल्या माणसाला ते टोचलं तर त्याचं डोकं जरा जड होतं आणि थांबतं. मायग्रेन असलेल्याला टोचलं तर काही तासांत पुरता झटका येतो. नव्या गोळ्या हे प्रथिन जिथे जाऊन बसतं ती जागाच अडवून ठेवतात. आणि या गोळ्यांमुळे आणखी एक गोष्ट उजेडात आली. ठणका सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच मेंदूच्या तळाशी झटक्याची तयारी सुरू झालेली असते. जांभया येतात, मान आखडते, गोड खावंसं वाटतं, माणूस चिडतो. तेव्हाच गोळी घेतली तर दुखणं बहुतेक वेळा येतच नाही.

"म्हणजे तुम्ही चिडलात म्हणून डोकं दुखलं नाही," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "दुखणं आधीच निघालेलं होतं. चिडचिड हा त्याचाच भाग."

त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर हेमांगी रागानं रडली होती. इतकी वर्षं तिनं नसलेल्या गुन्ह्याची माफी मागितली होती.

पण डॉक्टरांचं ते वाक्य घरी पोचलं आणि उलटंच झालं. नवरा धैर्यशील मनानं वाईट नव्हता. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, मित्र, फुटबॉल आणि घर, एवढंच त्याचं जग. त्यानं ते वाक्य सोयीचं तेवढं उचललं. आधी ती चिडली म्हणून डोकं दुखायचं, आता डोकं दुखणार म्हणून ती चिडायची. जिच्यावरून ती चिडली होती ती गोष्ट दोन्ही वेळा गायब. त्यानं तिला न विचारता पाहुण्यांना महिनाभर राहायला बोलावलं आणि ती भडकली, तर तो शांतपणे म्हणायचा, "हेमा, पिवळा लागलाय तुझा. गोळी घे, मग बोलू." गोळी घेतल्यावर बोलायचं कधी राहूनच जायचं. कधीकधी ती खरंच उगाच चिडलेली असायची, हे तिलाही कळायचं. पण कधी उगाच आणि कधी नाही, हे ठरवायचा अधिकार आता तिच्याकडे राहिला नव्हता. गंमत म्हणजे तिनं हो म्हटलं तर कुणी दिवा बघायचं नाही. पिवळ्या दिव्यातला होकार चालायचा, नकार तेवढा तपासून घेतला जायचा.

एवढं सगळं माहीत असून तिनं आपल्या मुलीला टिकली लावली.

दुसरं करणार तरी काय होती? राजसी आठवीत गेली आणि एका दुपारी बाथरूमच्या फरशीवर डोकं धरून बसलेली सापडली. हे दुखणं रक्तातून येतं. आपण काढलं ते पोरीनं काढू नये, एवढंच तेव्हा हेमांगीला सुचलं. राजसी पेठेतल्या तालमीच्या मुलींच्या फुटबॉल संघात बचावफळीत सेंटर हाफ होती, आणि कोल्हापुरात तालमीचा संघ म्हणजे काय ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. म्हणून टिकलीचे निरोप प्रशिक्षक मोरबाळे सरांच्या फोनवरही जातील अशी सोय करून घेतली. त्यांच्या बॅगेत राजसीच्या गोळ्यांची पट्टी असायची. सर जबाबदारीनं गोळी द्यायचे आणि लगेच कळवायचे. हेमांगीनं त्यांचे आभारही मानले होते.

सेमीफायनल जिंकली त्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी राजसी सरावाहून आली ती बूट भिंतीवर फेकतच.

"मी आता त्या माणसाकडं जाणार न्हाई," ती ओरडली. कोल्हापूरच्या पोरींसारखी तीही स्वतःबद्दल मुलग्यासारखंच बोलायची. "खोटारडा हाय तो. मी पडलो, आणि तो सगळ्यांसमोर म्हणतोय की..."

हेमांगी कणीक मळत होती. तिनं वर बघितलं. तिची नजर मुलीच्या तोंडावरून घसरली आणि कानामागे गेली. मुद्दाम नव्हे. हात भाजला की मागे येतो तशी आपसूक गेली. दिवा पिवळा होता.

राजसी बोलता बोलता थांबली. तिला ती नजर ओळखू आली. घरात आजवर तिनंही आईकडे तसंच बघितलेलं होतं.

"झालं बघून?" एवढंच म्हणून ती आत गेली.

फोनवर सरांचा निरोप आलेलाच होता. राजसीचा दिवा पिवळा, गोळी दिली, काळजी नसावी. हेमांगी खोलीच्या दारातून म्हणाली, जरा पड, उतरलं की बोलू. थोड्या वेळानं दिवा हिरवा झाला, राजसी उठली, जेवली. सरांचं काय म्हणत होतीस, असं हेमांगीनं विचारलं तर म्हणाली, काही नाही. हेमांगीला बरं वाटलं. गोळी लागू पडली म्हणजे मायग्रेनच होतं, असं तिनं धैर्यशीलला सांगितलं, तेही जाणकाराच्या थाटात. धैर्यशील म्हणाला, आईवर गेली आहे, आणि दोघंही हसले.

त्यानंतर राजसीचा दिवा वरचेवर पिवळा व्हायला लागला. फायनलचं टेन्शन असेल, वय असेल, अभ्यास असेल. कारणांना काय तोटा. प्रत्येक वेळी गोळी, प्रत्येक वेळी गुण. फायनलच्या सकाळी पोरीला पोह्यांनंतर उलटी झाली. धैर्यशीलनं गोळी दिली, दिवा हिरवा झाल्याची खात्री केली आणि तो तिला गाडीवर मागे बसवून तालमीत सोडून आला. परदेशी पाठवायचा माल अडकला होता म्हणून रविवार असूनही हेमांगीला फौंड्रीत जावं लागलं. हाफटाइमपर्यंत मैदानावर पोचायचं तिनं ठरवलं होतं.

फौंड्रीत तिला एक कास्टिंग संशयास्पद वाटलं. गळती तपासायच्या यंत्रानं ते पास केलं होतं. पण एका जागी रंग किंचित वेगळा होता. तिनं खिळ्यानं खरवडलं तर लोखंडाच्या रंगाची लांबी, रंगाऱ्याची पुटी असते तशी, भुसभुशीत होऊन निघाली आणि खाली भोक. कुणीतरी भोक बुजवून यंत्राला फसवलं होतं. हे धंद्यात नवीन नाही, पण तिचं डोकं फिरलं. तिनं सुपरवायझरला बोलावलं.

"गळत न्हाई मॅडम," तो म्हणाला. "पास झालंय की."

"गळायचं थांबलंय. भोक आहे तसंच आहे," ती ओरडली. "आत कुठवर गेलंय ते कोण बघणार?"

सुपरवायझरनं मान तिरकी केली, तिच्या कानामागे बघितलं आणि निघून गेला. आणि हेमांगी कास्टिंग हातात धरून तशीच उभी राहिली, कारण आपण आत्ता काय बोललो ते तिला स्वतःलाच ऐकू आलं होतं. दुखायचं थांबलंय. आत काय आहे ते कोण बघणार?

मी पडलो, असं म्हणाली होती पोरगी. त्यापुढचं वाक्य आपण ऐकलंच नाही. आणि आणखी एक गोष्ट आत्ता तिच्या ध्यानात आली. दिवा पिवळा व्हायचा त्या दिवशी राजसी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा फस्त करायची, जांभयांवर जांभया द्यायची. या आठवड्यात डबा भरलेलाच होता. एकही जांभई नाही, आणि दिवा मात्र पिवळ्यावर पिवळा.

तिनं डॉ. बागवान यांना फोन लावला आणि सरळ विचारलं, डोक्याला मार लागला तर टिकली पिवळी होईल का?

"होणारच. मार लागल्यावरही तीच नस तेच प्रथिन सोडते. टिकलीला काय कळतंय कशामुळे सुटलं ते."

"आणि गोळीनं बरं वाटेल?"

"दुखणं थांबू शकतं. का? कुणाला मार लागलाय?"

"मग गोळीनं बरं वाटलं म्हणजे मायग्रेन, असं नसतं?"

"असं कुणी सांगितलं तुम्हाला?" डॉक्टरांचा आवाज चढला. "गोळी त्या नसेला गप्प करते. ती का ओरडत होती हे गोळी विचारत नाही. मेंदूत रक्त साकळलं असेल तरी गोळीनं डोकं थांबू शकतं, आणि दुसरा मार बसला तर माणूस हातचं जातं. कोण आहे ते सांगा, आधी स्कॅनला आणा."

कुणी सांगितलं नव्हतं. तिनंच ते धैर्यशीलला सांगितलं होतं.

गाडीकडे धावताना तिनं त्याला फोन केला. मागे ढोल, शिट्ट्या, आरडाओरडा. राजसीला बाहेर काढा, तिच्या डोक्याला लागलंय, असं ती ओरडून सांगत होती. तो म्हणाला, "हेमा, तुझा पिवळा आलाय माझ्या फोनवर. गाडी चालवू नकोस अशा वेळी. गोळी घे आणि निवांत ये, शून्य-शून्य आहे अजून." आणि फोन ठेवला.

मैदानावर पोचेपर्यंत हेमांगीच्या मानेत कळ भरली होती. तिला झटका येणार होता, दिवा खोटं बोलत नव्हता. आणि तरीही ती म्हणत होती ते खरं होतं. या दोन गोष्टी एकाच बाईत एका वेळी असू शकतात हे या जगात कुणाच्याच डोक्यात कसं शिरत नाही, असा विचार करत ती दोरीखालून वाकून सरळ मैदानात गेली. प्रतिस्पर्ध्यांना कॉर्नर मिळाला होता आणि राजसी गोलसमोर, डोक्यानं चेंडू काढायला उभी होती. पंच मुलीनं शिट्टी वाजवली.

"चल बाहेर," हेमांगीनं राजसीचा हात धरला.

राजसीनं तो झटकला. "जा आई. खेळू दे मला. मायग्रेन हाय ते. तूच म्हणालीस की."

मोरबाळे सर धावत आले, मागून धैर्यशील. सर अदबीनं म्हणाले, "वहिनी, तुमचा दिवा पिवळा हाय. तुम्ही जरा सावलीत बसा. पोरगी ठणठणीत हाय, दिवा हिरवा हाय तिचा." धैर्यशील खालच्या आवाजात म्हणाला, लोक बघतायत, उठून चल. उठून चल असं तो म्हणाला कारण हेमांगी तोवर गोलसमोरच्या मातीत मांडी घालून बसली होती.

पोरीला ओढून नेता येत नव्हतं. खेळ थांबवणं तेवढं तिच्या हातात होतं.

"हिच्या डोक्याला मार लागलाय," ती म्हणाली. "स्कॅन झाल्याशिवाय ही खेळणार नाही. माझा दिवा पिवळा आहे ना? ठीक." तिनं पर्समधून गोळी काढली, सगळ्यांना दिसेल अशी जिभेखाली ठेवली. "ही विरघळू दे. दिवा हिरवा होऊ दे. मग मी हेच वाक्य परत म्हणते. तोवर मी इथून हलत नाही."

मैदान खवळलं. पाण्याच्या बाटल्या आल्या, शिव्या आल्या, कुणीतरी घरी जाऊन भाकऱ्या थापायचा सल्ला दिला. हेमांगी बसून राहिली. तिला भीती वाटत नव्हती. तिला एवढा राग आला होता की भीतीला जागाच उरली नव्हती. या लोकांचा राग, त्या कंपनीचा राग. जिला दिसत नाही तिच्याच अंगावर दिवा लावून त्याला रुग्णाची सोय म्हणणाऱ्यांचा राग. आणि सगळ्यांत जास्त कणकेच्या हातांनी वर बघणाऱ्या बाईचा. थोड्या वेळानं धैर्यशील वाकून म्हणाला, झाला हिरवा, ऊठ आता.

ती बसूनच बोलली. आवाज चढला नव्हता, थरथरतही नव्हता. "हिच्या डोक्याला मार लागलाय. स्कॅन झाल्याशिवाय ही खेळणार नाही."

मोरबाळे सर पंचांकडे वळून हसले. "बघा की, गोळीचा अंमल हाय. आता असंच एकच एक बोलत बसणार त्या."

म्हणजे पिवळा असेल तर दुखणं बोलतं, आणि हिरवा असेल तर गोळी. हेमांगीनं धैर्यशीलकडे बघितलं. तो मान डोलावणार होता, पण त्याचं डोकं अर्ध्यावर थांबलं. बहुधा त्यालाही हे ऐकताना काहीतरी खटकलं असावं. पण बोलला तो नाही. बोलली ती गोलकीपर, समीक्षा नावाची उंच, अबोल पोर.

"सर, त्या दिवशी सरावात ती गोलपोस्टला आपटली होती," ती म्हणाली. "माझ्याच पोस्टला. मी बघितलंय. उठल्यावर मला विचारत होती, आपण कुठं हाय म्हणून. तुम्ही तिला गोळी दिली आणि म्हणालात, बाहेर बोलायचं न्हाई, फायनल हाय."

सर म्हणाले, दिवा पिवळा होता, पिवळ्याला गोळी द्यायची हा नियम आहे, नियमाबाहेर मी काहीच केलेलं नाही. हे त्यांनी पुढे पोलिसांनाही सांगितलं, तालमीच्या बैठकीतही सांगितलं, आणि दोन्हीकडे ते खरंच होतं.

पंच मुलगी राजसीजवळ गेली. आज कुणाशी खेळतेयस, असं तिनं साधं विचारलं. राजसीनं तिच्याकडे बघितलं, समोरच्या निळ्या जर्सींकडे बघितलं आणि सेमीफायनलमध्ये हरवलेल्या संघाचं नाव सांगितलं. पंचांनी हात वर करून तिला मैदानाबाहेर घेतलं. राजसीनं या वेळी हात झटकला नाही.

स्कॅनमध्ये कवटीच्या हाडाखाली रक्ताचा एक पातळ थर दिसला. डॉ. बागवान यांनी तो पडद्यावर दाखवला. शस्त्रक्रिया बहुतेक लागणार नाही, पण दवाखान्यात ठेवून लक्ष ठेवावं लागेल, असं त्या म्हणाल्या. त्या कॉर्नरवर चेंडू डोक्यावर घेतला असता तर काय झालं असतं, हे हेमांगीनं विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. टिकलीच्या माहितीपत्रकात डोक्याच्या माराबद्दल एक ओळ आहे म्हणे, बारीक अक्षरात. धैर्यशील खोलीबाहेरच्या बाकावर बसून होता. हेमांगी बाहेर आली तेव्हा तो म्हणाला, मला कसं कळणार होतं, दिवा तर हिरवा होता. मग त्याचं त्यालाच ते ऐकवेना आणि त्यानं तोंड दोन्ही हातांत धरलं. हेमांगीनं त्याची समजूत काढली नाही. तिच्यात तेवढं उरलं नव्हतं.

ती आत गेली. राजसी उशीला टेकून बसली होती. पडदे ओढलेले होते.

"आई," ती म्हणाली, "मी तुझ्यावर लई चिडलोय."

आणि हेमांगीची नजर घसरली. मुलीच्या तोंडावरून सरळ कानामागे. तिथे काहीच नव्हतं. स्कॅनच्या आधी नर्सनं टिकली काढून घेतली होती, तिच्या जागी कातडीवर एक फिकट गोल तेवढा होता. ज्या नजरेपायी ती सगळ्या मैदानाशी भांडून आली होती ती तिच्या डोळ्यांतून गेलेली नव्हती.

राजसीनं ते बघितलं. यावेळी ती गप्प झाली नाही.

"तिथं काय न्हाई," ती म्हणाली. "इकडं बघ. माझ्याकडं बघ."

हेमांगीनं बघितलं. पोरीचे डोळे सुजले होते, आणि ती इतकी चिडलेली होती की तिच्याकडे बघत राहणं सोपं नव्हतं. हेमांगी बघत राहिली.

"आता पहिल्यापासनं सांगतो," राजसी म्हणाली. "मधी बोलायचं न्हाई."

"नाही बोलत," हेमांगी म्हणाली, आणि खुर्ची ओढून तिच्या समोर बसली.